जांभळीची संकष्टी

५ एप्रिल, शनिवार

घोडी पाळायची वेळ आली माझ्यावर! ठाकुर्लीत, तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचकेत!

खरी नव्हे, टॅबवरच्या गेममधली. समीक्षा ऑफिसच्या ट्रेनिंगला दोन आठवडे हैदराबादला गेली. लग्न महिन्यावर आलंय, ब्लाउजची मापं राहिलीत, आणि बाईसाहेब जाताना मला घोडी शिकवत बसल्या. तिथे खेळायला वेळ मिळणार नाही म्हणे. नाव जांभळी, रंगही तसाच. गवत, ओट्स, पाणी, मैदानात फेरी. कोपऱ्यात तिच्या अंगाचा आकडा असतो, एक ते नऊ. पाच म्हणजे छान. तीनच्या खाली गेली की फासळ्या दिसतात, सातच्या वर गेली की पळवत नाही.

"आई, गवत कायम समोर ठेवायचं. ओट्स मोजून. बाकी काही करू नकोस." बाकी काय करणार होते मी?

मीही तिला बजावलं. सकाळी ओट्स, जेवायला दोन फुलके, भाजी, काकडी. भात बंद. दोन्ही वेळा ताटाचा फोटो पाठवायचा. अकरा मेला लग्न आहे. संदेशच्या घरचे आजवर एका शब्दाने काही बोललेले नाहीत, हे खरं. पण बोलायची वेळ तरी का आणावी? जावई सडपातळ, ही त्याच्या शेजारी उभी राहणार. लोकांना डोळे असतात.

७ एप्रिल, सोमवार

घोडी खिंकाळते हो! डोक्यावर भुकेची पट्टी आहे, ती जरा लाल झाली की सुरू. मी टॅब ओट्यावरच ठेवलाय. पोळ्या लाटता लाटता कोपराने ओट्सची बादली सरकवायची. मग मान हलवते, मचमच खाते. हे म्हणाले, "जावई जेवायला बसलाय वाटतं!" म्हणोत. मुकं जनावर मागतंय आणि मी बघत बसू?

समीक्षाचा फोटो आला. दोन फुलके, पालक, काकडी. शहाणी माझी!

८ एप्रिल

आज गाजरं दिली. साखरेचे खडेही मिळतात — दिले.

११ एप्रिल, शुक्रवार

आकडा साडेसात! फेरीला काढली तर कुंपणापर्यंत जाऊन उभीच राहिली. समीक्षाला फोन केला. हसत सुटली. किती दिवसांनी हसली असेल! "आई, तू घोडीला आग्रह करतेस?"

मग नीट समजावलं. ओट्स कमी कर, फेऱ्या हळूहळू वाढव, पण गवत काढायचं नाही. मी म्हटलं, गंमतच आहे — ज्या ओट्सने मी तुला बारीक करतेय, त्याच ओट्सने ही फुगली! मला वाटलं अजून हसेल. "ठेवते गं," म्हणाली आणि ठेवला.

१३ एप्रिल

फोटोत एकच फुलका. मी न सांगता! अंगठा पाठवला, वर एक गुलाब पाठवला.

१६ एप्रिल, बुधवार

संकष्टी. जांभळी अजून सातवरच. फेऱ्या मारून मारून मीच दमले.

शनिवारी समीक्षा येणार. तिला घोडी पाचावर दाखवायची आहे, उगाच नावं ठेवायला नकोत. म्हटलं, आज माझा उपास तर हिचाही. गवत काढलं, ओट्स काढले, पाणी तेवढं ठेवलं. आपण नाही का करत? एका दिवसाने कुणाचं काय बिघडतं? उलट पोटाला विश्रांती.

सारखी खिंकाळत होती. शेवटी टॅबचा आवाज बंद केला.

१७ एप्रिल, गुरुवार

जांभळी आडवी पडली आहे.

काल चंद्र बघून मी मोदक खाल्ले आणि हिला खायला घालायचं साफ विसरले. सकाळी बघते तर जमिनीवर. मान वळवून वळवून स्वतःच्या पोटाकडे बघते. डॉक्टरची खूण दाबली. पोटशूळ, असं आलं.

समीक्षाच्या फोनवर गेमचा मेसेज गेला, तिला कळलंच. एवढी कधी माझ्यावर ओरडली नव्हती. "घोड्याचं पोट रिकामं ठेवायचं नसतं, आई! सांगितलेलं ना मी? उपाशी ठेवून वजन नाही उतरवायचं!" मी म्हटलं, अगं, खेळातली घोडी आहे. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "खिंकाळली नाही का गं ती?"

मी नाही म्हणाले. खोटं बोलले. लेकीशी, एका घोडीवरून!

१८ एप्रिल, शुक्रवार

दुपारी मेघनाचा फोन. हैदराबादला समीक्षाच्या खोलीत असते ती. समीक्षा जिन्यात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात आहे, सलाइन लावलंय. काळजीचं कारण नाही म्हणाली, पण कुणीतरी या.

मी म्हटलं, असं कसं झालं? ती रोज जेवते, माझ्याकडे फोटो येतात ना!

"काकू, ती फोटो काढते आणि ताट माझ्याकडे सरकवते. मला वाटलेलं, तुम्हाला माहितीये."

हे लगेच निघाले. मी घरात एकटी. फोनमधले सगळे फोटो पुन्हा बघितले. प्रत्येकाखाली माझा अंगठा.

२० एप्रिल, रविवार

आली. दारात वाकून चपला काढताना भिंतीला धरलं तिने. हातातलं कडं कोपरापर्यंत सरकत होतं. गळ्याची हाडं दिसली की हार उठून दिसतो, असं मीच म्हणत होते. दिसली. आता बघवत नाहीत.

तिला जवळ घ्यायचं होतं, चुकलं म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "भात टाकू का गं?"

"थोड्या वेळाने," म्हणाली. झोपली ती संध्याकाळपर्यंत.

२२ एप्रिल, मंगळवार

नीलाताई येऊन गेल्या, संदेशची आई. घोडबंदर रोडहून दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकून. सोबत डबाभर शिरा. समीक्षाच्या केसांवरून हात फिरवत बसल्या होत्या. जाताना मला स्वयंपाकघरात गाठलं.

"विनिताताई, आमच्याकडून कुणी काही बोललं का हो तिला? संदेश? मी? नकळत?"

मी नाही म्हटलं.

"मग कशापायी केलं हो पोरीने? आम्हाला होती तश्शी आवडली होती."

हो, तुमच्यातलंच कुणीतरी बोललं, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! असा विचार आला मनात. लाज वाटते लिहायला. त्या शिऱ्याचा डबा धुऊन द्यायचाही विसरले.

२४ एप्रिल, गुरुवार

समीक्षा उशीला टेकून बसली आणि मांडीवर टॅब घेतला. जांभळी उभी राहिलीय, पण चारवर उतरलीय. मी गवताचा भारा सरकवायला गेले तर तिने माझं बोट धरलं.

"एकदम नाही. मूठभर. मग परत थोड्या वेळाने. ती घाबरलीये जराशी. आणि टक लावून बघत नाही राहायचं."

"घोडीला काय कळतंय मी बघतेय ते?"

"घोडीला नाही कळत," समीक्षा म्हणाली.

मी उठून बाल्कनीतले कपडे काढायला गेले. कपडे ओलेच होते.

२५ एप्रिल

वरणभात. चार घास. मी तिकडे बघितलं नाही. मोजले मात्र. मोजायची सवय कशी जाणार?

२७ एप्रिल, रविवार

जांभळी पाचावर आली! टॅबचा आवाज मोठा ठेवलाय. पट्टी लाल झाली, खिंकाळली, खाल्लं, शेपटी उडवली.

मग समीक्षासाठी घावणे केले, सोबत नारळाचा रस. लहानपणी बिड्याच्या तव्यापाशी ठाण मांडून बसायची, पहिला निघायच्या आधीच "अजून एक" म्हणायची. मी तिच्याकडे पाठ करूनच पहिला काढला आणि वाढायला वळले. तिने आधीच ताटावर हात आडवा धरला होता.

"भूक नाही का गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"तसं नाही गं, आई. लागलीये की नाही, तेच कळत नाही आता."