कोपरापर्यंतचा कोट

३ मार्च

चि. बारकीस,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. जुना कारखाना बंद पडल्यापासून आठ महिने तू घरी आहेस. आता कुठे लेथ चालवायला टर्नर हवा म्हणून एका कारखान्याने मुलाखतीला बोलावलं, आणि बापलेकींनी मिळून काय ठरवलंत? कामावरचा अर्ध्या बाह्यांचा सदरा! म्हणे स्वच्छ धुतलाय. पातेलीही धुतलेली असतात, ती कोणी डोक्यावर घालून हिंडत नाही.

दादाने कपड्यांबद्दल सल्ला द्यावा, हे तर नवलच. स्वतःच्या लग्नात त्याने सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावली होती. फोटो आहे माझ्याकडे.

ही नोकरी हुकली तर वहिनी तुला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसवणार, हे तूच लिहिलं आहेस. लोखंड कातणारे हात उद्या लोकांचे दाखले उलटेपालटे करणार! तेव्हा निमूटपणे पार्सलातला करडा कोट घाल. तो घालून मी प्रयोगशाळेत मुलाखतीला गेले, तेव्हा समोरच्या पाच पुरुषांपैकी एकालाही मला टायपिंग येतं का, हे विचारायचा धीर झाला नाही. फाटकातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तो अंगावरून उतरता कामा नये. चर्चा नको.

माया आहेच, अक्कल तेवढी तू वाढव.
तुझी आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी पाणी पी, मग वाच.

कोट आला. बाह्या पार तळहातापर्यंत. मुलाखतीत यंत्रावर काम करून दाखवायचं होतं. लेथचा फिरता जबडा बाही धरतो तेव्हा हातासकट धरतो, म्हणून आमच्यात कोपराखाली कापड चालत नाही. कोट काढायचा नाही हा तुझा हुकूम, बाही नको हा लेथचा. दोघांपैकी जास्त भीती कोणाची, ते तुला माहीत आहेच. मी दोन्ही बाह्या कोपरापाशी कापल्या.

तिथे आम्ही सहाजण होतो. दोघे चक्क टाय लावून आले होते, एकाच्या बोटात तीन अंगठ्या. फोरमनसाहेबांनी पाचहीजणांना आधी टाय, अंगठ्या, घड्याळं काढून बाह्या दुमडून या म्हणून परत धाडलं. एकटी मीच सगळी बटणं लावून तयार. त्यांनी कोटाकडे बघत हा काय प्रकार, असं विचारलं. खरं ते सांगितलं. तोवर कपाळावरची आठी न मोडलेले साहेब हसले आणि तुमच्या आत्या नोकरी करतील का, असं विचारू लागले. मग मी दांडा कातून दिला. त्यांनी तीनदा मोजला, चूक सापडली नाही.

एक तारखेपासून रुजू व्हायचंय! बाह्या जपून परत पाठवते आहे. बाबा म्हणतात, तू त्यांच्या उशा करशील.

रागाच्या तळाशी असलेला लोभ ढवळून वर येऊ दे.
तुझी बारकी

१५ मार्च

चि. बारकीस,
अ. आ. वि. वि.

बाह्या मिळाल्या. कात्रीने कापल्यास की दातांनी? लोखंडावर केसाएवढी चूक न करणाऱ्या मुलीला कापडावर खडूची एक रेघ मारता येऊ नये? डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे, म्हणजे कोटावर ती तेवढीच आखूड. त्या अवतारात प्रयोगशाळेतली माझी एकतीस वर्षांची अब्रू तू सहाजणांत मिरवून आलीस. आणि फोरमनसाहेबांना सांग, आत्या नोकरी करेल, पण त्यांना झेपणार नाही.

दादाला सांग, उशांचा कापूस त्याच्या डोक्यात भरला आहे तेवढा पुरे.

कोट ताबडतोब पाठव. कडा दुमडून, सारख्या करून, हातशिलाई घालून एक तारखेच्या आत परत करते. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत तोच घालून जा. यंत्रापाशी काय घालायचं ते तुझं तुला कळतं. हे मी एकदाच लिहिते आहे, कागद जपून ठेव.

तुझी आत्या