रंधा मशीनचा भाव आणि भूमिदेवाचं हसू

थोरले काका,

तुमच्या डाव्या गुडघ्याला आणि काकूंच्या नाशपातीच्या बागेला यीछेनचा नमस्कार. दोन्हींची खुशाली कळवा, आधी गुडघ्याची. पत्र लांबणार आहे, म्हणून घडलं ते आधी क्रमाने देते.

१. शनिवारी बाबांनी चारही बाजूंनी एकदम रंधा मारणारं आपलं मशीन विकायला काढलं.
२. त्याचा रास्त भाव मी काढला.
३. त्या भावाला भूमिदेव तीनदा हसले.
४. गिऱ्हाईक एकदाच हसलं, पण देवापेक्षा मोठ्याने.
५. मशीन अजून जागेवर आहे.

मी शांत आहे. (हे वाक्य लिहिताना पेनची निब वाकली, पण ती आधीपासूनच कमजोर होती.)

जागामालकाला महिनाअखेरीस आपल्या कारखान्याची शेड रिकामी हवी आहे हे तुम्हाला माहीत आहेच. बाकीची यंत्रं गेली, उरलं ते हेच. बाबा त्याला अजून 'नवं मशीन' म्हणतात. ते माझ्याहून मोठं आहे. फंगयुआनमध्ये दर तिसऱ्या घरात कुणी ना कुणी लाकूडकामाची यंत्रं बनवतं, त्यामुळे जुन्या मशीनच्या भावाबद्दल मत नसलेला माणूस इथे औषधाला मिळत नाही. केस कापणाऱ्यानेही मला एक आकडा सांगितला, आणि तो अगदीच वेडगळ नव्हता. तरी मी रीतीने गेले. असंच मशीन आज नवं घेतलं तर किती पडेल, त्यातून वयाची आणि झिजेची वजावट किती, घेणाऱ्याला लगेच कोणती दुरुस्ती करावी लागेल, आणि अशी जुनी मशीनं अलीकडे खरोखर कितीला गेली (कितीला मागितली ते नव्हे, मागायला काय, कोणीही काहीही मागतं). शिवाय पाती फिरवणाऱ्या चारही माथ्यांची थरथर आमच्या कंपनीतून आणलेल्या डायलने मोजली. तीन माथे उत्तम, चौथा वयाच्या मानाने बरा. भाव आला दोन लाख त्र्याहत्तर हजार युआन. खाली-वर करायला मला जागा दिसेना.

गिऱ्हाईक म्हणजे जुन्या यंत्रांचे व्यापारी को शेठ. आले, मशीनभोवती फिरले आणि सगळ्यात आधी त्यांनी पाहिली वर ठेवलेल्या खाऊच्या हिरव्या पाकिटावरची मुदतीची तारीख. (मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून आपण ठेवतो ते. मुदत उलटलेलं पाकीट ठेवणाऱ्याने मशीनला तेल तरी काय घातलं असणार, असा त्यांचा हिशोब. हा हिशोब माझ्या पद्धतीत नव्हता. आता घातला आहे.) तारीख पुढची निघाली. मग सगळे चहाला बसले. तिसरा चहा होईपर्यंत भावाचं बोलायचं नाही हे को शेठना कळतं, मला कळतं, फक्त गप्प कसं बसायचं ते बाबांना कळत नाही. पहिल्याच चहाला ते म्हणाले, "पावसाळ्यात हे थोडं कुरकुरतं हं, शेठ." दुसऱ्याला म्हणाले, "एकदा याचा पट्टा तुटून माझ्या कानाजवळून गेला होता." आईने टेबलाखालून लाथ मारली, ती मला लागली.

तिसऱ्या चहाला मी आकडा सांगितला. को शेठनी कप खाली ठेवला. बाबा उठले आणि म्हणाले, "थांबा, आधी देवाला विचारतो." भूमिदेवासमोर उदबत्ती लावून त्यांनी कौलासाठी लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकल्या. एक सपाट, एक फुगीर बाजू वर आली असती तर होकार, दोन्ही फुगीर तर नकार; आल्या दोन्ही सपाट बाजू वर. देव हसला.

इथून गोंधळ. को शेठ म्हणाले भाव जास्त म्हणून हसला. आई म्हणाली कमी म्हणून. दोघांची पद्धत सदोष होती, म्हणून मी सुचवलं की प्रश्न फोडून विचारा. भाव जास्त आहे का? बाबांनी ओठ हलवले, कोरी टाकल्या. हसला. मग कमी आहे का? हसला. लागोपाठ तीनदा हसण्याची शक्यता चौसष्टात एक. मी तिथल्या तिथे दोन्ही कोरी व्हर्नियरने मोजल्या. (त्या तुम्ही घडवलेल्या आहेत. दोन्ही अगदी सारख्या. अभिनंदन.) हे पाहून को शेठ हसले ते खुर्ची मागे सरेपर्यंत. "इंजिनियर बाई, देवसुद्धा गंभीर राहिला नाही, तिथे मी बापडा काय! एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार. मोटरी काढून घेतो, बाकीचं भंगारात वजनावर घालतो. पुढच्या शनिवारी क्रेन आणतो."

"आठाचे शुभ आकडे दाखवून गंडवतोय मेला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्या मते हळू आवाजात.

बाबा म्हणाले, कळवतो. त्यांनी चौथा चहा ओतला.

जेवताना आईने नूडल्सचा वाडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि हात तसाच वाडग्यावर ठेवून विचारलं, "खरं सांगा, देवाला काय विचारत होतात?"

"हेच. विकू का म्हणून."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"आणि भाव?"

"भाव आपल्या यीछेनने काढलाय," बाबा म्हणाले. "त्यात देवाने काय बघायचं?"

मी उठून हात धुऊन आले. हात स्वच्छ होते.

काकूंना नमस्कार. नाशपातींवर कागदी पिशव्या चढवून झाल्या असतील.

तुमची,
यीछेन

ता. क. : तोंगशला तुमच्या फळांच्या गोदामात मोटरींना लागणारी तीन फेजची वीज अजून चालू आहे का? फरशी किती जाड आहे? मशीन तीन टन भरेल. सहज विचारते आहे.

ता. क. २ : सहज नाही. मशीन मी घेते आहे. नोकरी सोडत नाही. शनिवार-रविवारी तुमच्याकडे येऊन चालवीन, आणि बाबा कुरकुर करत शिकवतील. मी घेणार हे इतक्यात बाबांना सांगू नका. ते फुकट देतील, आणि माझा सगळा हिशोब पाण्यात जाईल. तुमचा होकार आला की मी स्वतः पैसे त्यांच्यापुढे ठेवीन.

ता. क. ३ : एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. विकणारी म्हणून काढलेला भाव, घेणारी झाल्यावर मला फार चढा वाटला. चौथा माथा एकाएकी बराच थरथरू लागला. पुन्हा मोजला. थरथर तेवढीच होती. भाव तोच ठेवला आहे.

ता. क. ४ : देवाला विचारत बसू नका. गोदाम द्याल की नाही, एवढंच गुरुवारपर्यंत कळवा.