रविवारचा पेला आणि मल्लम्मांचे घर

मी, प्रेमला बाबूराव सुरवसे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मी रविवारी दुपारी जेवताना लाल वाइन घेते, हेही खरे आहे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

कलम १. नळदुर्गातले घर मी माझ्या पगारातून बांधले. माझ्या पश्चात त्यात मल्लम्मा शिवप्पा हिप्परगे यांनी शेवटपर्यंत राहावे. मागच्या खोलीत नव्हे, सगळ्या घरात. त्यांच्याकडे कोणी भाडे मागू नये की त्यांना बाहेर काढू नये. त्यांच्या पश्चात घर समृद्धीचे. समृद्धी म्हणजे माझा भाचा शिवराज याची मुलगी. बँकेतली ठेव मल्लम्मांच्या औषधपाण्यासाठी.

मल्लम्मा आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. माझे पती बाबूराव वारले तेव्हा दोन दिवस सोबतीला म्हणून आल्या आणि राहिल्या. मी त्यांना ठेवून घेतले असे लोक म्हणतात. कोणी कोणाला ठेवून घेतले ते आम्हा दोघींना ठाऊक आहे.

कलम २. तामलवाडीची द्राक्षबाग समृद्धीला. ही द्राक्षे खायची नव्हेत, वाइनची आहेत. ती उपटून ऊस लावू नये. द्राक्षे घेणारा कारखाना दरवर्षी थोड्या बाटल्या घरी पाठवतो, त्याही तिच्याच.

या बाटल्यांबद्दल लिहून ठेवणे भाग आहे. ही वाइन हलकी आणि ताजी असते, त्याच वर्षी संपवायची असते. मी शिवराजला एक बाटली दिली होती. जुनी झाली की भारी होईल म्हणून त्याने ती चार वर्षे शोकेसमध्ये, उन्हात, ट्रॉफ्यांच्या शेजारी उभी ठेवली आणि मग व्याह्यांपुढे उघडली. व्याह्यांची तोंडे आंबली. "आत्याची वाइन असलीच असते," म्हणाला. मूर्ख माणूस!

पिण्याआधी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. बर्फ घालू नये. सोडा घालणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावू नये. सोबत ज्वारीची गरम भाकरी, कच्चे तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी, भाजलेल्या वांग्याचे भरीत. मटण असेल तर रस्सा पातळ आणि बेताचा तिखट असावा. येसूर मसाल्याच्या झणझणीत आमटीबरोबर घेऊ नये, जीभ पोळते आणि वाइन कडू लागते. बाबूराव मटणाशिवाय बाटलीला हात लावत नसत. मला विचाराल तर मल्लम्मांच्या धपाट्यांशी तिचे जास्त जमते. हे बाबूरावांच्या हयातीत बोलायची माझी छाती नव्हती.

मल्लम्मा मटणाला शिवत नाहीत, वाइनला तर नाहीच. त्या ताकाचा पेला घेऊन समोर बसतात आणि माझ्यावर नजर ठेवतात. "अक्का, आधी दोन घास खावा, मग प्या. रिकाम्या पोटी न्हाय." आणि मी ऐकते. आयुष्यभर पोरांना ऐकवले, आता ऐकायला बरे वाटते.

कलम ३. शिवराज. समृद्धीच्या साखरपुड्यात, भर पंगतीत तो म्हणाला, "आत्या पिती. तिचा कागद कोर्टात टिकत न्हाय. ती गेली की दुसऱ्या दिवशी त्या बाईला घराभायेर काढतो." ती बाई त्याच पंगतीत भात वाढत होती. घरी आल्यावर मल्लम्मा ट्रंकेत लुगडी भरू लागल्या.

"कुठं निघालात?"

"आजच जाते, अक्का. उद्या लोकांदेखत काढण्यापरीस बरं."

मला रडू आले. रडून झाल्यावर संताप आला, आणि तो अजून आहे. ट्रंक मी रिकामी करायला लावली. हा कागद त्यासाठीच.

सबब, शिवराजला माझ्या मिळकतीतून काहीही नाही.

कलम ४. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नका. नात्यात काहीच न मिळणारा माणूस एकच निघाला, म्हणून मी शिवराजलाच बोलावले आहे. कागद त्याच्या हातात देऊन "वाच" म्हणणार. वाचूनही त्याने सही केली तर मी त्याला सगळे माफ करीन. न वाचता केली तरी कायद्याला चालते. सहीच्या वर दोन ओळी मात्र त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायच्या आहेत.

ठिकाण : नळदुर्ग
दिनांक : १० मार्च २०२६

सही : प्रेमला बाबूराव सुरवसे

साक्षीदार १ : डॉ. बसवेश कलशेट्टी, नळदुर्ग. लिहून देणार यांना तपासले, त्यांनी माझ्यासमक्ष सही केली.

साक्षीदार २ : आत्या पूर्ण शुद्धीवर आहेत, काय लिहिलंय ते त्यांना पक्कं कळतं. माझ्यासमोर सही केली. गाडी चालू ठेवून आलोय म्हणून वाचत बसलो नाही, आत्यांवर माझा विश्वास आहे.
शिवराज रामहरी मोटे