सवत डावीकडे कलते

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सवतीचं पोट फाटता फाटता राहिलं!

सवत म्हणजे आमची पिकअप गाडी. हे होते तेव्हापासून मी तिला सवतच म्हणते. सकाळी हे उठले की आधी तिला फडकं मारणार, मग माझ्याकडे बघणार. आता हे नाहीत, आम्ही दोघीच उरलोय. भांडण मिटलंय.

डोंगरावर जायची वाट कशी आहे ते बघायला गेलो होतो, मी आणि चिरंजीव. खालच्या शेतांत औषधाचे फवारे इतके वाढलेत की रोज मधपेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा खच. पेट्या आता वर रानात हलवायच्या, नाहीतर पुढच्या साली पेट्याच राहतील — रिकाम्या. पण वाट कसली ती! दोन्हीकडे खोल चाकोऱ्या, मधे धोंड्यांचा उंचवटा. अर्ध्या वाटेत खालून असा कर्रर्र आवाज आला की चिरंजीवांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, गुदगुल्या झाल्या असतील तिला. हसला नाही. हसण्याच्या बाबतीत बापावर गेलाच नाही हा मुलगा.

मागं फिरलो. घर येईपर्यंत एकच वाक्य बोलला — गाडी उचलून घ्यावी लागणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

उचलून घेणं म्हणजे काय ते आज कळलं. सूनबाईनं विचारलं म्हणून त्यानं चहा होईस्तोवर समजावलं. चाकांवरचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या, बदलायचे, पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या, धक्के पेलणारे लांब शॉकअप घालायचे, की गाडीचं पोट जमिनीपासून वर जातं. मग धोंडे लागत नाहीत. मोबाइलवर दाखवलं. कुठल्या कुठल्या गाड्या, उंटासारख्या पाय ताणून उभ्या. चार इंच उचलायची म्हणतो.

मी म्हटलं, ती चार इंच वर, आणि मी? मला पण उचलून घेणार का?

तर म्हणतो, "तुला कशाला यायचंय आता. गुडघा बघ आधी."

आणि कप ठेवून गेला बाहेर. सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, बघतेस काय, साखर कमी पडलीय.

साखर बरोबर होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मला घरी बसवायचा बेत दिसतो. कुणी मुद्दाम केलाय असं नाही. आपोआप होणारा बेत. असले बेत जास्त वाईट, भांडायला माणूस सापडत नाही.

पण माझ्यावाचून ह्या दोघांचं व्हायचं कसं? माश्या मला चावत नाहीत, चिरंजीवाला बघितलं की चावतात. राणीमाशी शोधायला बसला की सगळी पेटी उसवून ठेवतो, आणि राणी त्याच्याच बाहीवर! मी नुसता कान लावते पेटीला. राणी असली तर माश्या संथ बोलतात. नसली की रडतात. हे कुणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून आलं.

गाडीत चढायचं मात्र आता अवघड जातं, खरं आहे. डाव्या हातानं दांडी, उजवा पाय वर, एक शिवी, आणि मग बाकीची मी. तरी बरं, सवत माझ्या बाजूला कललेली आहे. पहिल्यापासून नव्हती, मधे कधीतरी कलायला लागली. हे म्हणायचे, तू बसलीस की गाडी कलते. मी म्हणायचे, अहो मी उतरले तरी कललेलीच असते! तर म्हणायचे, सवय लागली तिला.

काही दिवस रात्रीचं जेवण सोडलं होतं मी त्या टोमण्यापायी. हे समोर बसून मिटक्या मारत जेवायचे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज गंमत केली, अंगाशी आली.

नटबोल्ट गाडी बघायला येणार होता. नटबोल्ट म्हणजे गॅरेजवाले भाऊजी, ह्यांचे दोस्त. बोलणं कमी, खिशात कायम नट नाहीतर बोल्ट. मी विचार केला, गाडी सरळ दिसली तर म्हणेल, पाटे ठणठणीत आहेत, कशाला खर्चात पडता. म्हणून सगळे बाहेर गेलेत बघून अंगणाच्या कडेचे धोंडे उचलून उचलून गाडीच्या मागच्या हौद्यात उजव्या अंगाला रचले. वर ताडपत्री. मागून बघितलं — सवत ताठ! कधी नव्हे ती नवऱ्या मुलीसारखी.

भाऊजी आले. मागं उकिडवे बसले. एक डोळा मिटून बघितलं. एक चक्कर मारली, ताडपत्री वर केली, परत खाली सोडली. मग मला म्हणतात, "वहिनी, धोंडे पण मध द्यायला लागले का?"

सूनबाई तोंडावर हात धरून आत पळाली. चिरंजीव एक एक धोंडा उचलून परत कडेला नेऊन ठेवत राहिला. शेवटचा मोठा होता. तो उचलताना माझ्याकडे बघितलं. हा मी कसा उचलला असेल, असं बघणं.

रागावला असता तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी, रविवार

गुडघा सुजलाय. धोंड्यांमुळे, हे कुणाला सांगायचं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पार्टच्या दुकानात गेलो तिघं — मी, चिरंजीव, भाऊजी. मला यायचंच होतं, मी गाडीत जाऊनच बसले. कोण उतरवतंय बघू म्हटलं.

दुकानदार बोलका. लाल रंगाच्या स्प्रिंगा काढून काउंटरवर ठेवल्या, शेजारी गॅसचे शॉकअप, माझ्या दंडाएवढे जाड. म्हणाला, ताई, हे बसवलं की गाडी वाघ होते. मी म्हटलं, आम्हाला माश्या न्यायच्यात हो, शिकार नाही करायची. तो हसला, चिरंजीव लाजला. पण डोळे लालवरच त्याचे! लहानपणी लाल फुगा बघून असाच उभा राहायचा.

भाऊजी म्हणाले, चार इंच नको. पेट्या एकावर एक रचता, भार आधीच उंचावर. त्यात गाडी उंच केली की आडव्या उतारावर कलंडायला वेळ नाही लागणार. दोन इंच भरपूर. आणि शॉकअप कडक घेतले तर धोंड्यावर गाडी आपटेल, ती आपटली की पेट्यांतली मधाची पोळी तुटतील. तेलाचे मऊ घ्या. चिरंजीव म्हणतो, मऊ घेतले तर भरलेली गाडी झोके खाईल. ते म्हणतात नाही खाणार, हा म्हणतो खाणार. दुकानदार दोघांनाही मान डोलावतोय.

मी म्हटलं, ज्यांना बसायचंय त्यांना विचारा ना.

तिघं माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं मी माझंच म्हणतेय. मी माश्यांचं म्हणत होते. थोडं माझंही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं माश्यांना!

भाऊजींच्या गॅरेजात दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या होत्या. एक लाल स्प्रिंगांची, कडक. दुसरी दोन इंचवाली, मऊ. मालकांना सांगून घेतल्या. उजाडायच्या सुमाराला दोन सारख्या पेट्या तोंडाला जाळी लावून नेल्या, एक एक गाडीत बांधली, हौद्यात वाळूची पोती टाकली भाराला. गॅरेजमागच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं दोघांनी गाड्या फिरवल्या. मी गेटापाशी खुर्ची टाकून, परीक्षकबाई.

आधी मऊ गाडी आली. कान लावला. आत नुसती कुजबुज. दुपारी आडव्या झालेल्या बायका बोलतात तशी.

मग चिरंजीवांची, कडक. कान लावायच्या आधीच ऐकू येत होतं. फणफण नुसती! मी म्हटलं, बघ, शिव्या देतायत तुला. तो म्हणाला, तुझं काहीतरीच, आणि स्वतः कान लावला. आदळून जाळी एका कोपऱ्यात सुटली होती. आतून एक आली आणि कानाच्या पाळीवर सरळ सही केली!

कान पुरीसारखा फुगला. भाऊजींनी पाण्याची बाटली दिली. बराच वेळ कानाला धरून बसला. मग म्हणाला, दोन इंच. तेलाचे.

मी नुसतं त्याच्या कानाकडे बघत होते. तेवढं चालतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचं कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

गाडी गॅरेजात चढवलेली. चिरंजीव पाट्यांचे रबरी बुश आणायला दुकानात गेला होता. भाऊजींनी मागचे पाटे खोलून जमिनीवर मांडले, उजवीकडची चळत एकीकडे, डावीकडची दुसरीकडे. मला काम नव्हतं, म्हणून मी मोजले. परत मोजले. म्हटलं, भाऊजी, डावीकडे एक पाटा कमी आहे. कुणी खाल्ला?

ते म्हणाले, असेल तुटून पडला. आणि कापडानं हात पुसायला लागले. हात आधीच पुसलेले होते.

मग मी सोडते होय! म्हटलं, तुमच्याच गॅरेजात चोरी आणि तुम्हालाच पत्ता नाही? पाटा म्हणजे काय सुई आहे? कुणाला विकलात? सगळ्या गावाला सांगते. शेवटी ते उकिडवे बसले माझ्यासमोर, बोल्ट हातात फिरवत.

म्हणाले, "त्यानंच काढायला लावला, वहिनी. तुमचा गुडघा पहिल्यांदा गेला ना, तेव्हा."

ह्यांनी सांगितलं होतं म्हणे, तिला चढताना त्रास होतो. पायरी बसवू म्हटलं तर म्हणेल मला म्हातारी ठरवलीत, आणि उद्यापासून गाडीत बसायची नाही. त्यापेक्षा तिची बाजूच खाली करून टाक. कललेली दिसेल त्याचं मी बघतो. तिला सांगतो, तुझ्या वजनानं कलली. त्याच्यावर भांडेल, पण बसेल.

बसले की मी. इतकी वर्षं. भांडत.

मी भाऊजींना म्हटलं, काढलेल्या पाट्याचं काय झालं? म्हणाले, तो तर तुमच्याकडेच आहे. हे तो लोहाराकडे घेऊन गेले होते, कोयता घडवायला.

चिरंजीव परत आला तेव्हा मी पाण्याच्या माठाशी होते. काही सांगितलं नाही त्याला.

१६ फेब्रुवारी, रविवार

कोयता काढून मांडीवर घेऊन बसले होते. हाच. मुठीच्या वर एक गोल भोक आहे. मी एकदा विचारलं होतं, कोयत्याला भोक कशाला? हे म्हणाले, खिळ्याला अडकवायची सोय. तिथून पाट्याचा मधला बोल्ट जातो, आज कळलं.

ह्याच लोखंडापायी उपाशी झोपले आणि ह्याच लोखंडानं पेट्यांभोवतीची झुडपं तोडली. लबाड माणूस! आता भांडायचं तर कुणाशी?

सूनबाईनं विचारलं, आई, काय झालं. म्हटलं, धार बघतेय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भाऊजींना निरोप धाडला — डावीकडे पाटा पुरा घाला. गाडी सरळ पाहिजे. आडव्या उतारावर पेट्यांचा भार न्यायचाय, तिथं माझ्या गुडघ्याचे लाड नकोत. ह्यांच्या वेळी सपाट रस्ते होते.

लिहिताना सोपं वाटतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाईला पेटीपाशी नेलं. कान लाव म्हटलं. घाबरत लावला. म्हणाली, नुसतं गुणगुण ऐकू येतं. म्हटलं, नवऱ्याचं बोलणं तरी पहिल्या दिवशी कुठं कळलं होतं तुला? हसली. मग बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिली. तिसऱ्या पेटीला म्हणाली, ही वेगळी वाटते, रडकी. उघडून बघितली तर खरंच राणी नव्हती!

शिकेल. माझ्यापेक्षा चांगली शिकेल. तिचे गुडघे छान आहेत.

जेवताना मीच चिरंजीवाला म्हटलं, पेट्या चढवून देईन, वर तुम्ही दोघं जा. मी घर बघते. तो ताटात बघत होता. भाकरीचा तुकडा हातात तसाच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गाडी आली नाही. भाऊजी म्हणे अजून काहीतरी करतायत. चिरंजीव दिवसभर तिकडेच. कान उतरलाय त्याचा.

न्हाणीतला लाकडी स्टूल धुऊन वाळत ठेवला. उगाच. चढून बघायला कुणाची बंदी नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उजाडताना सवत दारात. दोन इंच उंच, नवे शॉकअप, धुतलेली. पेट्या चढवल्या, सूनबाई मधे बसली. माझ्या बाजूचं दार उघडंच. मी मागं गेले, भाऊजींसारखा एक डोळा मिटून बघितलं — डावीकडे बोटभर खाली!

म्हटलं, अरे, ही तर अजून कललेलीच आहे.

चिरंजीव दोर आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझ्या वजनानं."

मी तर अजून खालीच उभी होते.