घाबरण्याची नोकरी

तीर्थस्वरूप दादांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग प्रत्यक्षात जमत नाही, पत्रात चालवून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे? वहिनींची कंबर? छपराचं काम झालं का? मागच्या पत्रात तुम्ही ‘सगळं खुशाल’ असं लिहिलंत, त्यामुळे मला जास्तच काळजी लागली, कारण सगळं खुशाल असलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही. हे पत्र उभ्याने वाचत असाल तर आधी बसा. फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत कुजबुजलेलंसुद्धा तुमच्या बहिणीला कुकरच्या शिट्टीपलीकडून ऐकू येतं. माझं शिक्षण पाचवीपर्यंत, तीही पुरी नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या आणि वाचून झालं की पत्र फाडा. (सगळे तुकडे एकाच ठिकाणी टाकू नका.)

तर दादा, माझी नोकरी गेली. एकोणतीस वर्षांपूर्वी तुम्ही शब्द टाकलात म्हणून मी त्या ऑफिसांच्या सहामजली इमारतीत लिफ्टवर लागलो, त्या शब्दाची माती झाली. आज पाच आठवडे झाले. तिथे नवी लिफ्ट बसवली आणि माझ्या जागी एक बाई आली. ती दिसत नाही, नुसती बोलते. ‘तिसरा मजला,’ म्हणते आणि गप्प बसते. मॅनेजर म्हणाले, “काका, तुमचं काम चोख आहे, पण ती कामापुरतंच बोलते हो.” हा टोमणा होता हे मला अर्ध्या रस्त्यात कळलं. त्यांचं म्हणणं असं, की मी लिफ्टमध्ये शिरलेल्या प्रत्येकाला ‘गॅस बंद केलात ना? कुलूप ओढून पाहिलंत ना?’ असं विचारतो आणि निम्मी माणसं चौथ्या मजल्यावरून परत खाली येतात. (एका बाईंचा गॅस खरंच चालू होता, पण ते कोण लक्षात ठेवतो.) त्या दिवशी घरी येऊन सांगायला तोंड उघडलं, तर तुमची बहीण म्हणाली, “आज लवकर? दादाने लावून दिलेली नोकरी आहे, जरा जपून करा.” उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी राखाडी गणवेश चढवला, तिने दिलेला डबा घेतला आणि निघालो. कुठे, ते मलाही माहीत नव्हतं.

मी स्वस्थ बसलो असं मात्र समजू नका. नोकऱ्या मिळवून देणारं एक ऑफिस आहे, तिथे गेलो. समोर आपल्या नातीच्या वयाची मुलगी. तिने विचारलं, “एकोणतीस वर्षांत प्रगती काय झाली?” मी म्हटलं, “रोज दोनशे वेळा सहाव्या मजल्यापर्यंत गेलो, बाई, आणि तितक्याच वेळा खाली आलो.” तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?” मी खरं ते सांगितलं, की भिंतीवरच्या फोटोत. तेही तिने लिहून घेतलं आणि ‘कळवू’ म्हणाली. (अजून कळवलेलं नाही. माझा फोन तर बिघडला नसेल? तुम्ही एकदा करून बघा, पण ती घरात नसताना.)

बाहेर पडलो तर गुडघे बोलायला लागले. बसायचं कुठे? बँकेत बसलो तर रखवालदार चार वेळा येऊन कोणता काउंटर म्हणून विचारून गेला. मग दातांच्या दवाखान्याची पाटी दिसली. दादा, जिथे आपला नंबर लवकर यावा असं कुणालाच वाटत नाही, अशी ती जगातली एकच जागा असावी. पंखा, खुर्च्या, पाण्याचं मडकं, आणि कुणी विचारत नाही. पण आतून ते यंत्र सुरू झालं आणि मला दरदरून घाम फुटला. दात माझे नव्हते, तरी फुटला. शेजारी पहिलवानासारखा एक ट्रकवाला बसला होता, तो स्वतःच पांढराफटक पडलेला. माझे हात थरथरताना पाहून म्हणाला, “ओ काका, एवढं काय घाबरायचं? मुंगी चावल्यासारखं वाटतं बघा.” मला पाणी दिलं, पाठ थोपटली आणि त्याच झोकात आत गेला. दुसऱ्या दिवशी एका मास्तरणीने मला धीर दिला आणि तीही ताठ मानेने आत गेली. असं रोज चालू झालं. नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मलाच आत बोलावलं. मला वाटलं, आता दात तरी काढणार नाहीतर बाहेर तरी काढणार. त्या म्हणाल्या, “काका, आधी माझे दहातले चार पेशंट खुर्ची बघूनच पळायचे. तुम्ही यायला लागल्यापासून एक पळालेला नाही. दहा ते पाच बसाल का? पगार देईन.” मी विचारलं, “काम काय?” त्या म्हणाल्या, “आत्ता करताय तेच.”

म्हणजे आयुष्यभर ज्याबद्दल बोलणी खाल्ली, त्याच्यावर मला नोकरी लागली. पण घरी सांगू काय? लिफ्ट गेली आणि आता घाबरायला जातो म्हणून? आज सांगू, उद्या सांगू करता करता पाच आठवडे झाले आणि आता आभाळ कोसळलंय. तुमच्या बहिणीची दाढ दुखते. शेजारणीने तिला आमचाच दवाखाना सांगितला. गुरुवारी चार वाजता नंबर लावलाय. मी म्हटलं, दुसरीकडे जा, तर म्हणते, “का? तिथे म्हणे एक म्हातारा बसतो, त्याला पाहिलं की आपली भीती पळते. मला बघायचाच आहे तो.” (एक्केचाळीस वर्षं घरात फुकट बघतेय!)

तेव्हा दादा, हात जोडतो. बुधवारच्या आत या आणि काहीही कारण काढून तिला तुमच्याकडे न्या. तुमच्याकडेही दातांचे डॉक्टर असतीलच. मोठ्या भावापुढे ती नाही म्हणणार नाही.

तुमचा शब्द खाली पाडलेला,
बहिणीचा नवरा

ता. क. पत्र पेटीत टाकलं नाही. पत्ता बरोबर आहे का, या शंकेने खिशातच ठेवलं, तेवढ्यात गुरुवार आला. ती चारला दहा कमी असताना आली. इकडेतिकडे न बघता सरळ माझ्या शेजारी बसली. माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते. आजवर इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नसेल. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “किती घाबरता हो! मला पहिल्या आठवड्यातच कळलंय. चष्मा विसरलात, तो द्यायला आले होते. लिफ्टमध्ये ती बाई बोलली.” मी म्हटलं, “मग बोलली का नाहीस?” तर म्हणे, “तुम्ही डबा घेऊन निघत होतात ना. संध्याकाळी गणवेशाला लवंगेच्या तेलाचा वास यायला लागला, म्हटलं, कुठेतरी बसलाय माणूस.” डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. दाढ ठणठणीत निघाली.

ता. क. दुसरा. तेव्हा यायची गरज नाही. पण खरं काम आता सांगतो. शुक्रवारपासून माझी भीतीच गेली आहे. काल दवाखान्यात मी चक्क घोरलो. दोन पेशंट पळाले, त्यातला एक गळ्यातल्या रुमालासकट. डॉक्टरीणबाई माझ्याकडे त्या मॅनेजरसारख्याच बघत होत्या. तर दर आठवड्याला मला एक पत्र टाकत जा. छप्पर, कंबर, काहीही लिहा, पण खुशाल आहोत असं मात्र कृपा करून लिहू नका. हीसुद्धा नोकरी जाईल या विचाराने आत्ता लिहिताना हात कापू लागलाय, म्हणजे उद्याचं भागलं. परवापासूनचं तुम्ही बघा.