कॉफीआधीचा ‘खट्’

रविवार, ३ मार्च
आजपासून नवीन चाकू घेणार नाही. सहा पुरेत. एक कोटात, एक बागेच्या पँटीत, एक मोटारीत, एक जेवणाचा, एक चर्चला जायचा आणि एक असाच. बायको, लेओनी, असती तर म्हणाली असती, सहा चाकू आणि कापायला सॉसेज एक. ती जाऊन चार महिने झाले.
मुलगी ब्लांदिन ग्रेनोबलहून बाराला आली, पाऊणला गेली. येताना दीड तास, जाताना दीड तास, आणि बापाकडे पाऊण तास. हल्लीच्या मुलींना दम म्हणून नाही. मी चीज संपवलं, पातं पावाने पुसलं, चाकू मिटला, तेवढ्यात ही उठून बशा गोळा करायला लागली. कॉफी चुलीवरच राहिली. दोष रस्त्याचा आहे. वळणांच्या धास्तीने ती लवकर निघते. सदतीस वर्षं त्या रस्त्यावरचा बर्फ मी काढला आहे, मला ठाऊक आहे.

गुरुवार, ७ मार्च
बाजार. गास्तोंच्या हार्डवेअरमध्ये फक्त खिळे आणायला गेलो. खिळे विसरलो.
चाकू चौदा युरोंचा. बोटाएवढा, खिशात आहे की नाही ते हाताने चाचपून बघावं लागतं. मूठ अक्रोडाची, हातात अशी बसते की जणू माझंच माप घेऊन केली. पाठीत स्प्रिंग, मिटताना खणखणीत ‘खट्’. इतक्या स्वस्तात इतकी अक्कल मी माणसांत पाहिली नाही. गास्तों माझा शाळेपासूनचा दोस्त, पण जीभ तिखट. म्हणाला, “बोटं दहा आहेत, आन्सेल्म. चाकू किती झाले?” दुकानदाराने असं बोलू नये. धंदा बसतो.
३ तारखेचा निश्चय मोडलेला नाही. तो निव्वळ हौसेच्या चाकूंबद्दल होता. हा जेवणासाठी आहे. आधीच्याचा आवाज बसका होता.

रविवार, १० मार्च
ब्लांदिन येते ती एक रविवार आड. आज एकटाच. जेवण अकरा मिनिटांत उरकलं. एकट्याला वेळ लागत नाही.

रविवार, १७ मार्च
नवा चाकू दाखवला. म्हणाली, छान आहे. प्लॅन असा होता की चाकूवरून गप्पा निघतील आणि ती संध्याकाळपर्यंत रमेल. चीज झालं, चाकू मिटला, आवाज फारच सुरेख आला. ती उठली.
भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून, तिने सांगितलं की ब्रेस्तच्या हॉस्पिटलमध्ये तिला हेडनर्सची जागा देतायत. महिनाअखेर कळवायचं आहे. ब्रेस्त म्हणजे देशाचं दुसरं टोक, पुढे नुसता समुद्र. “तुम्हाला काय वाटतं?” तिने विचारलं. मी म्हणालो, तिकडे पाऊस फार. ती म्हणाली, हो. बाराचाळीसला गेली.
मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. पण असल्या गोष्टी कॉफी घेता घेता बोलायच्या असतात. उभ्या उभ्या, ओल्या बशांवरून बोलायच्या नसतात.

गुरुवार, २१ मार्च
तोडगा सापडला. तिलाच चाकू द्यायचा. बापाचा चाकू खिशात असला की माणूस लांब जात नाही.
अकरा युरो. लाल मूठ, पात्याच्या मुळाशी फिरणारं कडं. कडं फिरवलं की पातं जागचं हलत नाही, बोट सुरक्षित. एकच खोट, याला स्प्रिंग नाही, मिटताना आवाज होत नाही. बायकांना चालेल. गास्तोंने विचारलं, तिने मागितलाय का? म्हटलं, मुलींना मागावं लागत नाही. त्याने कागदात बांधून दिला.

शनिवार, ३० मार्च
जय्यत तयारी. अक्रोडाचा केक आणला. कॉफी आधीच करून ठेवणार. वाक्य पाठ केलं: “ब्लांदिन, जाऊ नकोस.” शब्द तीन. आरशासमोर नऊ वेळा म्हटलं, सात वेळा चांगलं आलं.

रविवार, ३१ मार्च, संध्याकाळी
चाकू तिला आवडला. खरंच आवडला, दोनदा उघडून पाहिला.
चीज झालं. वाक्य ओठांवर आलं. हाताला काहीतरी चाळा हवा होता. पातं पुसलं. खट्.
ती उठली. आयुष्यात पहिल्यांदा मी विचारलं, कुठे निघालीस, कॉफी आहे.
हातात बशी धरून ती तशीच उभी राहिली. म्हणाली, “बाबा, तुमचा चाकू मिटला.”
मग काय झालं, मी म्हटलं.
“तुमचा चाकू मिटला की जेवण संपलं. आजोबांच्या वेळेपासून तसंच. आई सगळ्यांना वाढून शेवटी बसायची. तिचं चीज रोज कोंबड्यांना जायचं. मला वाटायचं, आता आपण नकोसे झालो.”
मी म्हणालो, बर्फ काढायचं काम खोळंबलेलं असायचं.
“जुलैमध्येसुद्धा?”
अडतीस वर्षं ती बाई माझ्यासमोर अर्धपोटी उठली आणि मी आवाजाचं कौतुक करत होतो. लेओनीची खूप आठवण आली. मी चाकू परत उघडला, टेबलावर ठेवला आणि वाक्य म्हटलं. आरशासमोर यापेक्षा बरं यायचं.
ती खाली बसली. म्हणाली, “काल ब्रेस्तला पत्र टाकलं, बाबा. येते म्हणून.”
तिने लाल चाकू उघडला. चीजची पातळ कापं केली, एकेक करून सावकाश खाल्ली. तिच्या वाट्याचं संपल्यावर आणखी एक तुकडा घेतला, आई खायची तसा, कडेसकट. मी घड्याळ पाहिलं नाही. कॉफी गार झाली, ती तशीच प्यायलो.
मग तिने पातं पावाने पुसलं, अगदी माझ्यासारखं. कडं फिरवलं, चाकू मिटला. त्याला ‘खट्’ नाही.
तरी मी उठलो.

रविवार, १४ एप्रिल
तिचा यायचा रविवार होता. फोन आला, खोली मिळाली, खिडकीतून बंदर दिसतं. पाऊस आहे.
सूप केलं. सूपला चाकू लागत नाही, तरी एक उघडून शेजारी ठेवला. चार वाजले. अजून जेवतो आहे.