एक गॉज कमी

बाबा, आज शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं झालीत आणि मी इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या ऑफिसात काम सोडून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. माझं हे काम तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही, याचं मला बरंच वाटतं. ड्रोनने टिपलेल्या चित्रांत माणसं ओळखणारं सॉफ्टवेअर आम्ही तपासतो. हल्ल्याआधी तिथे नागरिक किती, हे ते सैन्याला सांगतं. नव्या आवृत्तीत एक नियम आलाय. काही सेकंदांत जो ओळखू येत नाही, तो नागरिकांच्या आकड्यातून गळतो. चाचणीच्या एका चित्रात गच्चीवर कोणीतरी वाकलंय. मला ती वाळवण घालणारी बाई वाटते. मशीनला काहीच ठरवता येत नाही, म्हणून आकडा शून्य. मंगळवारी मी हे मॅनेजरला दाखवलं. आपल्या पुण्याचाच आहे तो. म्हणाला, "अगं, एज केस आहे ही, क्वचित कधीतरी घडणारी. फायनल चेक माणूसच करतो ना?" मी आवृत्ती पास केल्याची सही केली.

तेव्हापासून वॉटफर्डच्या आपल्या स्वयंपाकघरातला तो रविवार डोक्यातून जात नाही. आईचा वरणभात गार झालाय, तुम्ही सिंकपाशी हात धुताय आणि उशीर का झाला ते सांगताय. ऑपरेशन संपताना, रक्त टिपायच्या गॉजचा एक तुकडा मोजणीत कमी भरला. सिनियर म्हणाले, नर्सची मोजणी चुकली असेल, टाके घाला. तुम्ही घातले नाहीत. पाऊण तास पेशंटचं पोट उघडं ठेवून सगळे शोधत राहिले आणि तुकडा निघाला कचऱ्याच्या पिशवीत, दुसऱ्याला चिकटलेला. मी बारा वर्षांची. हसून म्हटलं, म्हणजे उगाचच की. तुम्ही नळ बंद केलात.

"सापडेपर्यंत तो पोटातच आहे असं धरायचं. आपल्याला घाई आहे म्हणून तो बाहेर येत नाही."

मग रात्रीच्या जेवणापर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. एवढ्याशा हसण्यावर इतकं? फार राग आला होता तुमचा. आज त्याहून जास्त येतोय, कारण तुमचं बरोबर होतं.

सही मागे घ्यायला आज पाचपर्यंत मुदत होती. एक बटण दाबायचं, बस. टीमचं काम अडलं असतं, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं, आणि गच्चीवरची ती बाई मोजली गेली असती. आता पाच वाजून चार मिनिटं झालीत. खरं सांगते बाबा, लिहिता लिहिता पाच वाजतील, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं.